संगीत मधोमध : बर्लिनचं फिलहार्मोनी आणि तीन प्रश्न



आजच्या व्याख्यानाचा विषय एक इमारत आहे. तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्यांची हयात गेली त्यांनी इमारतीवर कशाला बोलावं, अशी शंका काहींच्या मनात येईल. ती रास्त आहे. पण बघा, माणसं एकत्र कशी बसतात, कोण कोणाकडे तोंड करून बसतं, कोणाला दारात थांबवलं जातं, हे प्रश्न मुळात आमच्याच शास्त्राचे. आम्ही त्यांची उत्तरं कागदावर देतो आणि पुढच्या आवृत्तीत बदलतो. वास्तुशिल्पी ती सिमेंट-काँक्रीटमध्ये देतो, आणि पुढच्या पिढ्यांना त्या उत्तरात जाऊन बसावं लागतं.

आपण बोलणार आहोत ते बर्लिनच्या फिलहार्मोनी या संगीतगृहाबद्दल. हान्स शारून या वास्तुशिल्पीनं त्याची रचना केली आणि १५ ऑक्टोबर १९६३ रोजी ते खुलं झालं. आधुनिक संगीतगृहांच्या इतिहासात त्याचं स्थान फार मोठं आहे. त्याचं कौतुक करताना एक शब्द हटकून येतो : हे ‘लोकशाही’ सभागृह आहे. आज आपल्याला हाच शब्द तपासायचा आहे. सभागृह लोकशाही असतं म्हणजे नेमकं काय असतं?

त्यासाठी तीन प्रश्न हाताशी ठेवू. आत माणसं बसतात कशी? आत येतं कोण? आणि ज्या जमिनीवर हे सगळं उभं आहे, तिची आठवण कोण ठेवतं?

कांटची तक्रार

सुरुवात थोडी मागून करू. इमॅन्युएल कांट यांनी १७९० साली सौंदर्यमीमांसेवरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. त्यात संगीताविरुद्ध त्यांची एक मजेदार तक्रार आहे. चित्र नको असेल तर नजर वळवता येते; संगीताचं तसं नाही. ते शेजारच्या घरात शिरतं, ज्याला नको आहे त्याच्याही कानावर पडतं. एखाद्यानं अत्तर लावलेला रुमाल खिशातून काढावा आणि आजूबाजूच्या सगळ्यांना तो वास घ्यायला लावावा, तसं हे आहे, असं ते म्हणतात. गणपतीत आणि लग्नसराईत ज्यांची घरं मंडपाला लागून असतात, त्यांना कांट चटकन पटेल.

संगीतगृह हे या तक्रारीला शहरानं दिलेलं उत्तर आहे. ज्यांना ऐकायचं आहे त्यांनी ठरल्या वेळी यावं, दार लावून घ्यावं, आतलं बाहेर जाऊ नये आणि बाहेरचं आत येऊ नये. आज आपल्याला हे अगदी स्वाभाविक वाटतं, पण युरोपातही ही व्यवस्था फार जुनी नाही. संगीत चर्चमध्ये उपासनेचा भाग म्हणून होतं, राजेरजवाड्यांच्या दालनांत होतं, नाटकगृहात होतं. केवळ ऐकण्यासाठी, तिकीट काढून येणाऱ्या नागरिकांसाठी खास खोली बांधायची, ही कल्पना अठराव्या शतकात रुजली.

लाइपझिगचं गेवांडहाउस हे त्याचं ठळक उदाहरण. नावाचा अर्थच कापडव्यापाऱ्यांची इमारत. १७८१ साली त्या इमारतीत एक संगीतगृह तयार झालं. गंमत अशी, की तिथल्या खुर्च्या वादकांकडे तोंड करून मांडलेल्या नव्हत्या. लांबीच्या दोन्ही भिंतींना समांतर रांगा, आणि श्रोते एकमेकांच्या समोरासमोर. म्हणजे वादक एका टोकाला आणि शहरातली प्रतिष्ठित मंडळी एकमेकांना न्याहाळत बसलेली. कोण आलं आहे, कोणी काय घातलं आहे, हेही ऐकण्याइतकंच महत्त्वाचं होतं.

पुढच्या शतकात हे बदललं. श्रोता वादकांकडे वळला, गप्प बसला, दिवे मंद झाले. १८७० सालचं व्हिएन्नाचं मुझिकफेराइन, १८८८ सालचं ॲमस्टरडॅमचं कॉन्सर्टखेबाऊ, १९०० सालचा बॉस्टनचा सिंफनी हॉल. या सगळ्यांचा आकार बुटांच्या खोक्यासारखा. लांबट, अरुंद, उंच. व्हिएन्नाच्या दालनाची लांबी साधारण ४९ मीटर, रुंदी जेमतेम १९ आणि उंची सुमारे १८. या आकारात ध्वनी अप्रतिम लागतो, कारण बाजूच्या भिंती जवळ असतात आणि त्यांवरून परतलेला सूर मूळ सुराच्या पाठोपाठ कानात येऊन त्याला भरीवपणा देतो. बॉस्टनच्या वेळी वॉलेस सॅबाइन या भौतिकशास्त्रज्ञानं घुमाऱ्याचं गणितच मांडलं, आणि संगीतगृह बांधणं ही नुसती कारागिरी न राहता शास्त्र झालं.

पण खोक्याचा एक स्वभाव आहे. पुढचा आणि मागचा असा भेद त्यात राहतोच. एका टोकाला वाजवणारे, उरलेल्या भागात ऐकणारे, आणि प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर पुढच्या माणसाचं डोकं.

एक वाद्यवृंद आणि त्याचं हरवलेलं घर

आता बर्लिनकडे वळू. बर्लिन फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाचा जन्मच एका बंडातून झाला. १८८२ साली बेंजामिन बिल्झ या संचालकाच्या पदरी असलेल्या ५४ वादकांनी त्याची साथ सोडली. वॉर्साच्या दौऱ्यावर वादकांना रेल्वेच्या चौथ्या वर्गानं नेण्याचा त्याचा बेत हे त्याचं निमित्त झालं. या मंडळींनी स्वतःच स्वतःचा कारभार पाहायचा ठरवलं. आजही हा वाद्यवृंद आपला मुख्य संचालक स्वतः मतदान करून निवडतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

त्यांचं पहिलं घर बर्नबुर्गर श्ट्रासवर होतं. मूळची ती चाकांच्या बुटांवर घसरण्याची जागा, म्हणजे आपण ज्याला स्केटिंगचा हॉल म्हणतो तो. त्याचं संगीतगृह झालं आणि ते नावारूपाला आलं. ३० जानेवारी १९४४ रोजी बॉम्बहल्ल्यात ते नष्ट झालं.

पण ते नष्ट होण्याआधी त्या घरात काय घडत होतं, तेही सांगायला हवं. नाझी सत्तेवर आल्यावर आर्थिक अडचणीत असलेला हा वाद्यवृंद सरकारच्या मालकीचा झाला, गोबेल्सच्या प्रचार मंत्रालयाखाली गेला. त्यातल्या ज्यू वादकांना बाहेर पडावं लागलं. १९ एप्रिल १९४२ रोजी, हिटलरच्या वाढदिवसाच्या आदल्या संध्याकाळी, विल्हेल्म फुर्टवेंग्लर यांनी तिथं बेथोवनची नववी सिंफनी सादर केली. सगळी माणसं भाऊ होतील, असं गाणारी ही सिंफनी. गोबेल्स पुढे येऊन हस्तांदोलन करतो, त्याची चित्रफीत उपलब्ध आहे. ती बघताना अंगावर काटा येतो, कारण वादन उत्कृष्ट आहे.

युद्धानंतर वाद्यवृंदाला घर नव्हतं. बरीच वर्षं तो श्टेग्लिट्झ भागातल्या टिटानिया पालास्ट नावाच्या सिनेमागृहात वाजवत होता. शेवटी १९५६ मध्ये नव्या संगीतगृहासाठी स्पर्धा झाली, आणि त्यात शारून यांची रचना निवडली गेली.

शारून यांची कल्पना

शारून यांचा जन्म १८९३ सालचा. त्यांच्या पिढीतले अनेक आधुनिक वास्तुशिल्पी नाझी काळात देश सोडून गेले. शारून राहिले. त्यांना सरकारी कामं मिळाली नाहीत. खाजगी घरं तेवढी ते बांधत. त्या घरांची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. रस्त्याकडची बाजू नियमाप्रमाणे उतरत्या छपराची, साधीसुधी. आत मात्र खोल्या मोकळेपणानं वाहणाऱ्या, बागेकडे उघडणाऱ्या. युद्धाच्या वर्षांत बांधण्याजोगं काही नव्हतं तेव्हा ते जलरंगांत विलक्षण इमारती रंगवत बसत. माणसांचे जथे एखाद्या उजळ मध्याकडे चालले आहेत, अशी ती चित्रं. १९४५ नंतर उद्ध्वस्त बर्लिनच्या नगररचनेची जबाबदारी काही काळ त्यांच्याकडे आली.

स्पर्धेच्या वेळी त्यांनी मांडलेला विचार अगदी साधा होता. रस्त्यात कुठेही कोणी गाऊ-वाजवू लागलं, तर लोक काय करतात? रांगा लावत नाहीत. भोवती कोंडाळं करतात. मग संगीतगृहात हेच का होऊ नये? संगीत मधोमध असावं आणि लोक त्याच्या भोवती.

आपल्याला हे सांगायची फारशी गरज नाही. डोंबाऱ्याचा खेळ, गोंधळ, भजनाचं रिंगण, खाजगी बैठक. सगळीकडे माणसं अशीच बसतात. पण दोन हजारांवर माणसं, शंभरेक वादक आणि ध्वनिवर्धकाचा आधार नाही, अशा ठिकाणी ही गोष्ट इमारतीत उतरवणं सोपं नव्हतं.

त्यांनी मोठा वर्तुळाकार आखाडा केला नाही. आखाड्यात सगळे एका गर्दीत विरघळतात. त्यांनी श्रोत्यांचे लहान लहान गट केले, प्रत्येक गटाला वेगळ्या उंचीचा, वेगळ्या कोनाचा सज्जा दिला, आणि हे सज्जे दरीच्या उतारावर असावेत तसे वादकांभोवती रचले. वर छत तंबूसारखं. स्वतः शारून यांनी दरी, उतारावरचे द्राक्षमळे आणि वर आभाळ, अशीच उपमा वापरली. आमच्या नाशिक-सांगलीकडचे द्राक्षमळे सपाट रानात मांडवावर असतात, त्यामुळे ही उपमा आपल्याला पटकन उमगत नाही. कोकणात डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरं असतात ना, ती डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक खाचर वेगळं, प्रत्येकाला आपला बांध, पण सगळी मिळून एक उतार.

परिणाम काय होतो? आसनं सुमारे २,४०० असूनही सगळ्यांत लांबचा श्रोता वादकांपासून तीसेक मीटरच्या आसपास असतो. राजेशाही कक्ष नाही, नजरेत भरेल असा मानाचा मखर नाही. वादकांच्या मागेही लोक बसतात, आणि त्यांना संचालकाचा चेहरा दिसतो, जो खोक्यातल्या श्रोत्याला कधीच दिसत नसे. त्या बाकांना पाठ नाही, तिकीट मात्र स्वस्त; म्हणून विद्यार्थी तिथं गर्दी करतात. आणि समोर पाहिलं की वादकांच्या पलीकडे दुसरे श्रोते दिसतात, ऐकताना. जुन्या गेवांडहाउसमध्येही माणसं समोरासमोर होती, पण तिथं एकमेकांना पाहणं संगीताच्या आड येत होतं. इथं ते संगीतातून होतं. आपण नजर टाकतो ती आधी व्हायोलिनवर आणि मग पलीकडच्या चेहऱ्यावर.

हाना आरेंट यांनी ‘द ह्यूमन कंडिशन’ या १९५८ सालच्या ग्रंथात सार्वजनिक जगाला टेबलाची उपमा दिली आहे. टेबल आपल्याला जोडतं आणि त्याच वेळी आपल्यात अंतरही ठेवतं. टेबल नाहीसं झालं तर समोरासमोरची माणसं एकमेकांची कोणीच लागत नाहीत. फिलहार्मोनीमधलं व्यासपीठ असं टेबल आहे. गर्दी आणि समाज यांत फरक काय, याचं याहून सोपं उदाहरण आम्हाला वर्गातही सापडलं नाही.

आवाजाचा हिशेब

कल्पना सुंदर असली तरी ध्वनी तिला विचारून वागत नाही. लोथार क्रेमर हे ध्वनितज्ज्ञ शारून यांच्यासोबत होते, आणि सुरुवातीला त्यांना या रचनेची काळजी वाटत होती. कारणं उघड होती. दालन रुंद झालं की बाजूच्या भिंती दूर जातात, आणि खोक्यातला तो पाठोपाठ येणारा भरीव सूर मिळत नाही. शिवाय गाणारा माणूस तोंड एकाच दिशेला करतो. त्याच्या पाठीमागे बसलेल्यानं काय ऐकायचं?

पहिल्या अडचणीवरचा तोडगा सज्ज्यांतच निघाला. प्रत्येक सज्जाच्या पुढची आणि बाजूची बुटकी भिंत ध्वनी परतवण्याचं काम करते. म्हणजे एका मोठ्या दालनात अनेक लहान दालनांच्या भिंती पेरल्या आहेत. श्रोत्यांचे गट पाडण्यामागे आपल्याला सामाजिक विचार दिसतो. तोच ध्वनीचाही उपाय ठरला.

दुसरा भाग छताचा. आपण विजापूरचा गोल घुमट पाहिला असेल. वरच्या सज्ज्यात एका बाजूला कुजबुजलेलं पार दुसऱ्या बाजूला ऐकू येतं, आणि टाळी वाजवली की ती परत परत येत राहते. आतून खोलगट पृष्ठभाग ध्वनी गोळा करून एका जागी आणून टाकतो. कुतूहल म्हणून ते छान, सिंफनीसाठी घातक. फिलहार्मोनीचं छत उलट आहे. ते श्रोत्यांकडे फुगलेलं, झोळासारखं खाली उतरलेलं. त्यामुळे ध्वनी एका जागी जमण्याऐवजी सगळीकडे पसरतो. शिवाय वादकांच्या वर परावर्तक फलक टांगले आहेत. दालनाची उंची मोठी असल्यानं वादकांना एकमेकांचा आवाज लवकर ऐकू यावा, यासाठी ते हवेत. भरलेल्या सभागृहात घुमारा साधारण दोन सेकंदांचा. सिंफनीला हेच मानवतं.

गाणाऱ्याच्या पाठीचा प्रश्न मात्र पूर्ण सुटलेला नाही, सुटणारही नाही. मागे बसलेल्याला संचालकाचा चेहरा मिळतो आणि गायिकेचा शब्द थोडा हरवतो. हा सौदा आहे. समानतेच्या प्रत्येक रचनेत असा सौदा कुठे ना कुठे असतोच, आणि तो लपवण्यापेक्षा सांगितलेला बरा.

भिंतीशेजारचं घर

मुळात ही इमारत पश्चिम बर्लिनमध्ये, विल्मर्सडॉर्फ भागात व्हायची होती. नंतर जागा बदलली आणि टिअरगार्टन उद्यानाच्या दक्षिण टोकाला, पोट्सडामर प्लाट्झजवळ आली. त्यामागचा विचार असा, की शहर कधीतरी एक होईल, आणि तेव्हा ही जागा मध्यावर असेल. सप्टेंबर १९६० मध्ये पायाभरणी झाली. आणि १३ ऑगस्ट १९६१ च्या पहाटे बर्लिनच्या भिंतीचं काम सुरू झालं, या जागेपासून काही शे मीटरवर. शहराच्या मध्यासाठी बांधलेलं घर एका रात्रीत शहराच्या कडेला गेलं. ‘संगीत मधोमध’ म्हणणारी इमारत, आणि भोवती पडीक माळ.

तरी ती वापरात राहिली, आणि नुसत्या सिंफनीसाठी नाही. १९६४ च्या सप्टेंबरात मार्टिन ल्यूथर किंग बर्लिनमध्ये आले होते. केनेडींच्या स्मरणार्थ झालेल्या समारंभात ते इथं बोलले. त्याच महिन्यात बर्लिनचा जाझ महोत्सव सुरू झाला, आणि माइल्स डेव्हिस यांच्या चमूनं याच सभागृहात वाजवलेलं ध्वनिमुद्रण आजही जाझचे जाणकार काढून ऐकतात. १९८७ साली शेजारी लहान मैफलींसाठी अकराशेंहून अधिक आसनांचं दुसरं दालन उभं राहिलं, तेही श्रोत्यांना भोवती बसवणारं. शारून १९७२ मध्येच गेले होते. त्यांचे सहकारी एडगर विस्निएव्स्की यांनी ते काम पुरं केलं. आज इमारतीला जो सोनेरी पत्रा दिसतो, तोही शारून यांच्यानंतर बसवलेला आहे.

९ नोव्हेंबर १९८९ रोजी भिंत उघडली. तिसऱ्या दिवशी, १२ तारखेच्या रविवारी सकाळी, डॅनियल बॅरेनबॉइम आणि वाद्यवृंदानं पूर्व जर्मनीच्या नागरिकांसाठी मैफल ठेवली. तिकीट नाही; पूर्वेचं ओळखपत्र दाखवा आणि आत या. बेथोवनचा पहिला पियानो कॉन्चेर्टो आणि सातवी सिंफनी. अठ्ठावीस वर्षं जे लोक या इमारतीपासून चालत जाण्याच्या अंतरावर राहूनही तिथं येऊ शकत नव्हते, ते त्या सज्ज्यांत येऊन बसले. वर्षभरानं, ३ ऑक्टोबर १९९० रोजी, जर्मनीच्या एकीकरणाचा सरकारी सोहळाही याच सभागृहात झाला. शारून यांची जागेची निवड तेव्हा कुठे खरी ठरली.

दार कोणासाठी

इथंवर ऐकून तुम्ही म्हणाल, मग झालंच की सिद्ध. लोकशाही सभागृह. थांबा. आपला दुसरा प्रश्न अजून बाकी आहे.

१९६३ मध्ये या सभागृहात श्रोते चहूबाजूंनी बसले, कोणी उच्च नाही, कोणी नीच नाही. पण ज्यांच्या भोवती ते बसले, त्या वादकांत एकही स्त्री सदस्य नव्हती. पहिली स्त्री वादक, व्हायोलिनवादक मादलेन कारुझो, वाद्यवृंदात आली ती १९८२ साली. म्हणजे ‘लोकशाही’ सभागृहात एकोणीस वर्षं मध्यभागी फक्त पुरुष होते. आणि मघाशी म्हटलं ते आठवा : हा वाद्यवृंद स्वतःचे निर्णय मतदानानं घेतो. आसनांची समानता, कारभाराची लोकशाही, दोन्ही असूनही अर्ध्या माणसांना दार बंद. मतदान करणारे सगळे एकाच रांगेतले असले की असंच होतं.

पुढे दार थोडं थोडं उघडत गेलं. २००३ मध्ये सायमन रॅटल संचालक असताना शहरातली सुमारे अडीचशे मुलं, त्यांतली अनेक निर्वासित आणि गरीब घरांतली, स्ट्राविन्स्कीच्या ‘राइट ऑफ स्प्रिंग’वर नाचली. त्यावर चित्रपटही निघाला. तो प्रयोग मात्र फिलहार्मोनीत झाला नाही. बसगाड्यांच्या जुन्या आगारात झाला. वाद्यवृंदच घर सोडून तिकडे गेला. २००७ पासून आठवड्यातून एका दुपारी दर्शनी दालनात विनामूल्य मैफल होऊ लागली. या दालनाबद्दल दोन शब्द. मुख्य सभागृह त्याच्या डोक्यावर आहे, सभागृहाचा उतरता तळ हेच याचं छत. तिरपे खांब, वेगवेगळ्या दिशांना फुटणारे जिने, रंगीत काचा. कोणता जिना कुठे जातो हे नवख्याला कळत नाही, माणसं चुकतात, विचारतात, बोलू लागतात. दुपारच्या मैफलीला लोक या जिन्यांवर आणि जमिनीवरच बसतात. जवळच्या कचेऱ्यांतली माणसं, लेकुरवाळ्या बाया, वृद्ध.

मे २००८ मध्ये छताला आग लागली तीही अशाच मैफलीच्या मंगळवारी. माणसं सुखरूप बाहेर आली, वाद्यं वाचली. त्याच आठवड्यात क्लाउडिओ अबाडो यांची ठरलेली मैफल शहराच्या उघड्या रंगमंचावर झाली. आणि त्याच सुमारास वाद्यवृंदानं आपल्या मैफली इंटरनेटवरून थेट दाखवायला सुरुवात केली. आज हे व्याख्यान घरी बसून वाचणाऱ्या तुमच्यापैकी कित्येकांनी फिलहार्मोनी त्याच वाटेनं पाहिलं असेल. दार रुंद झालं यात शंका नाही. पण पडद्यावर आपल्याला पलीकडचा श्रोता कॅमेरा दाखवेल तेवढाच दिसतो, आणि त्याला आपण मुळीच दिसत नाही. टेबलाची एक बाजू राहते, दुसरी जाते.

जमिनीची आठवण

आता तिसरा प्रश्न, आणि आमच्या मते सगळ्यांत अवघड.

फिलहार्मोनी जिथं उभं आहे तिथं, टिअरगार्टनश्ट्रास क्रमांक ४ या पत्त्यावर, पूर्वी एक बंगला होता. एप्रिल १९४० पासून त्या बंगल्यात एक कचेरी चालत असे. मनोरुग्ण आणि अपंग माणसांना वेचून ठार मारण्याची योजना तिथून राबवली गेली. पत्त्यावरूनच तिला ‘टी-४’ म्हणतात. फॉर्म भरले जात, दूर बसलेले डॉक्टर त्यांवर खूण करत, आणि माणसं बसमधून विषारी वायूच्या खोल्यांकडे नेली जात. ऑगस्ट १९४१ पर्यंत, म्हणजे दीड वर्षाच्या आसपास, सत्तर हजारांहून अधिक माणसं अशी मारली गेली. नंतरही हत्या वेगळ्या मार्गांनी चालूच राहिल्या. पुढे छळछावण्यांत जे झालं त्याची तंत्रं आणि त्यातली कित्येक माणसं इथूनच गेली.

युद्धानंतर बंगला पाडला. जमीन मोकळी झाली. १९६३ मध्ये सभागृह उघडलं तेव्हा वाजलं काय? बेथोवनची नववी. तोच वाद्यवृंद, तीच सिंफनी. संचालक हेर्बर्ट फॉन कारायान, जे स्वतः नाझी पक्षाचे सदस्य राहिलेले. त्या संध्याकाळी आत जे श्रोते बसले, त्यांना एकमेकांचे चेहरे स्वच्छ दिसत होते. पण आपण कुठे उभे आहोत, हे सांगणारी एक पाटीसुद्धा बाहेर नव्हती. अशी पाटी जमिनीत बसली १९८९ मध्ये. आणि खरं स्मारक, २४ मीटर लांबीची निळ्या काचेची भिंत, उभं राहिलं २०१४ मध्ये. सभागृहाला तेव्हा एक्कावन्न वर्षं झाली होती.

कोणी म्हणेल, यात इमारतीचा काय दोष? दोष नाही, हे आम्हीही म्हणतो. शारून यांच्या हेतूबद्दल शंका घ्यायला जागा नाही. उलट, हुकूमशहाच्या सरळ रेषा आणि भव्य अक्ष यांना त्यांनी वाकड्या, माणसाच्या मापाच्या कोनांनी उत्तर दिलं. याच परिसरातून श्पेअर यांच्या नियोजित राजधानीचा महामार्ग जाणार होता, हे आठवलं की या इमारतीत एकही दिमाखदार सरळ चाल का नाही, ते समजतं. पण रचनेचं सामर्थ्य आणि तिची मर्यादा, दोन्ही इथं एकत्र दिसतात. सगळ्यांची नजर आत, मध्याकडे वळवली, की बाहेरची जमीन दिसेनाशी होते. आठवण ही आसनव्यवस्थेतून येत नाही. ती नागरिकांनी मागावी लागते, आणि इथं मारल्या गेलेल्यांचे नातेवाईक, संशोधक, कार्यकर्ते यांनी ती वर्षानुवर्षं मागितली, म्हणून झाली.

तेव्हा आमचं म्हणणं थोडक्यात असं. फिलहार्मोनी पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतं, आणि फार सुंदर देतं. दुसऱ्याचं उत्तर त्यातल्या माणसांनी हळूहळू, कधी अनिच्छेनं दिलं. तिसऱ्याचं उत्तर शहराला द्यावं लागलं, सभागृहाच्या बाहेर. सभागृह लोकशाही असतं असं म्हणण्यापेक्षा, ते लोकशाहीला बसायला जागा देतं, एवढंच म्हणणं जास्त खरं.

आपल्याकडे

जाता जाता आपल्या घरचा विचार. शारून यांचा आराखडा पुढे जगभर गेला : टोकियोचा सन्टोरी हॉल १९८६ मध्ये, लॉस एंजेलिसचा डिस्ने हॉल २००३ मध्ये, हँबुर्गचं एल्बफिलहार्मोनी २०१७ मध्ये. हँबुर्गला खर्च मूळ अंदाजाच्या कितीतरी पट झाला आणि लोक वर्षानुवर्षं संतापले. पण इमारतीच्या मधल्या उंचीवरची गच्ची तिकीट न काढणाऱ्यांनाही खुली आहे, हेही नोंदवायला हवं.

मुंबईत नरिमन पॉइंटला १९८० मध्ये टाटा थिएटर उघडलं. वास्तुशिल्पी फिलिप जॉन्सन, ध्वनितज्ज्ञ सिरिल हॅरिस. भारतीय संगीताची जवळीक मोठ्या सभागृहात कशी टिकवायची, हा तिथला प्रश्न होता. म्हणून आसनं पंख्यासारखी पसरलेली, व्यासपीठाजवळ ओढलेली, आणि ध्वनिवर्धकाशिवाय ऐकू यावं अशी योजना. आमच्या संगीतात श्रोता गप्प नसतो. तो मान हलवतो, ‘क्या बात है’ म्हणतो, गाणाऱ्याला ती दाद दिसावी लागते आणि तिच्यावर पुढची जागा घेतली जाते. चेहरा दिसणं ही आपल्याकडे सोय नाही, मैफलीची गरजच आहे. तरीही आपल्या गावोगावच्या नगरपालिका जी सांस्कृतिक भवनं बांधतात, त्यांत बहुधा एक उंच मंच, पहिल्या रांगेत मान्यवरांचे सोफे, आणि मागे काळोखात बाकीचे, अशीच मांडणी असते. सोफे हलवायला वास्तुशिल्पी लागत नाही.

तुमच्या गावात असं भवन होणार असेल, तर त्याच्या आराखड्यासमोर हे तीन प्रश्न ठेवा. बसणार कसे? येणार कोण? आणि ही जागा आधी कोणाची होती, इथं काय होतं? पहिल्याचं उत्तर आराखड्यात मिळेल. दुसऱ्याचं भाड्याच्या दरपत्रकात आणि कार्यक्रमांच्या यादीत शोधावं लागेल. तिसऱ्याचं उत्तर गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, ती आहेत तोवर.